आजोळचा खेळ

२६ जुलै १९६६. लंडनच्या वेम्बली मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना, इंग्लंड विरुद्ध पोर्तुगाल. इंग्लंडचे दोन्ही गोल बॉबी चार्लटनचे. पोर्तुगालनं शेवटी शेवटी एक गोल फेडला तो पेनल्टीवर, आणि ती पेनल्टी त्यांना मिळाली बॉबीच्या थोरल्या भावामुळे. जॅक चार्लटननं गोलात निघालेला चेंडू हातानं अडवला होता. म्हणजे त्या सामन्यातले तिन्ही गोल एकाच घराच्या खात्यावर मांडता येतात. त्या घराचे कर्ते बॉब चार्लटन मात्र त्या वेळी वेम्बलीत नव्हते, टीव्हीसमोरही नव्हते. इंग्लंडच्या पार उत्तरेला, नॉर्थंबरलंडमध्ये, ते जमिनीखाली कोळशाच्या खाणीत पाळीवर होते. दोन पोरं देशाच्या संघात असली तरी पाळी ती पाळी.

ही हकिकत इंग्लंडमध्ये पुष्कळदा सांगतात आणि तिच्यात बापाच्या साधेपणाचं कौतुक असतं. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. बॉब चार्लटन यांना फुटबॉलचं फारसं वेड नव्हतंच. त्यांचा जीव मुष्टियुद्धात. चार्लटन भावांना फुटबॉल बापाकडून आला नाही, तो आला आईकडून. इंग्रजीत काका आणि मामा दोघांनाही एकच शब्द, त्यामुळे जॅकच्या चरित्रात जागोजाग येणारे ते चार ‘अंकल’ कोणत्या बाजूचे, हे इंग्रज वाचकाला वेगळं सांगावं लागतं. मराठीत ते एका शब्दात होतं. जॅक, जॉर्ज, जिम आणि स्टॅन हे चारही मामा, आणि चौघेही व्यावसायिक फुटबॉलपटू. चार्लटन हे आडनाव जगभर गेलं, पण खेळ आजोळचा होता. आजोळचं आडनाव मिलबर्न.

गाव अ‍ॅशिंग्टन. न्यूकॅसलच्या उत्तरेला, समुद्रापासून जवळच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे नाव घेण्यासारखं काही नव्हतं. मग कोळसा लागला, कंपनी आली, आणि कंपनीनं एकाला एक लागून विटांच्या घरांच्या रांगाच्या रांगा उठवल्या. त्या रांगांना नावंही धड दिली नाहीत, पहिली रांग, दुसरी रांग अशी अकराव्या रांगेपर्यंत मोजणी. जगातलं सगळ्यात मोठं खाणगाव अशी अ‍ॅशिंग्टननं स्वतःची ओळख सांगितली आणि ती बरीच वर्षं कुणी खोडली नाही. खाण धोक्याची. शेजारच्या वुडहॉर्न खाणीत ऑगस्ट १९१६ मध्ये स्फोट झाला, त्यात तेरा माणसं गेली. गिरणगावात बाप जसा मुलाला आपल्या खात्यात चिकटवायचा, तसं इथे पंधराव्या वर्षी पोरगं बापामागे खाणीत उतरायचं. दुसरी वाट फारशी नव्हती. होती ती एकच, आणि ती खाणीच्या भोंग्याइतकीच सगळ्यांना ठाऊक होती: पायात खेळ असेल तर.

त्या वाटेनं किती जण गेले पाहा. इंग्लंडमधले फुटबॉल पत्रकार दरवर्षी एका खेळाडूला वर्षाचा सर्वोत्तम ठरवतात. १९६२ मध्ये हा मान बर्नलीच्या जिमी अ‍ॅडमसनला मिळाला, १९६६ मध्ये बॉबी चार्लटनला, १९६७ मध्ये जॅकला. तिघेही अ‍ॅशिंग्टनचे. सहा वर्षांत तीन. गावाचा स्वतःचा संघही १९२१ ते १९२९ अशी आठ वर्षं फुटबॉल लीगच्या तिसऱ्या विभागात खेळून आला होता. खाणगावाच्या मानानं ही लहान गोष्ट नव्हे.

मिलबर्न घराण्याची सुरुवात आजोबांपासून धरू. त्यांना सगळे ‘टॅनर’ म्हणत. टॅनर म्हणजे सहा पेनीचं नाणं. ते गोलकीपर होते, आणि धावण्याच्या शर्यतींसाठी मुलं तयार करत. पैसे लावून होणाऱ्या या शर्यती म्हणजे खाणगावातला मोठा षोक. त्यांच्या चार मुलांपैकी जॅक आणि जॉर्ज १९३० च्या दशकात लीड्स युनायटेडकडून बचावाच्या दोन बाजू सांभाळायचे. एकाच संघात डावीकडे एक भाऊ, उजवीकडे दुसरा. जिमही लीड्सलाच गेला. सगळ्यांत धाकटा स्टॅन चेस्टरफील्ड, लेस्टर असा फिरला.

या मामांचे काही विक्रम जरा तिरपागडेच आहेत. डिसेंबर १९५४ मध्ये चेल्सीविरुद्ध खेळताना स्टॅन आणि त्याचा सहकारी जॅक फ्रॉगट या दोघांनी चेंडू बाहेर काढायला एकाच क्षणी पाय घातला आणि चेंडू आपल्याच गोलात गेला. स्वयंगोल कुणाच्या नावावर लावायचा? शेवटी तो दोघांत वाटून दिला. घराण्याच्या इतिहासात हाही गोल नोंदवायला हवा.

पण मिलबर्न हे नाव घेतलं की न्यूकॅसलच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तो यांच्यापैकी कुणीच नाही. तो जॅकी मिलबर्न, मुलांच्या आईचा चुलत भाऊ. नात्यानं हाही मामाच. त्याच्या पूर्ण नावाची आद्याक्षरं जोडली तर ‘जेट’ होतं आणि तो पळायचाही तसाच. खाणीवर फिटरची उमेदवारी करत असताना १९४३ मध्ये तो न्यूकॅसल युनायटेडकडे चाचणीला गेला. त्यानंतर क्लबसाठी त्यानं दोनशे गोल केले. हा आकडा अ‍ॅलन शिअररनं २००६ मध्ये ओलांडला, तोवर जवळपास पन्नास वर्षं तो तसाच उभा होता. १९५१ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलचे दोन्ही गोल जॅकीचे. १९५५ च्या अंतिम सामन्यात त्यानं पहिल्या पंचेचाळीस सेकंदांतच गोल केला. त्या भागातल्या बोलीत ‘वोर’ म्हणजे आपला. लोक त्याला ‘वोर जॅकी’ म्हणत, आपला जॅकी. अ‍ॅशिंग्टनच्या पोरांना तर तो खरोखरच घरातला होता.

आणि या सगळ्या पुरुषांच्या मधोमध एक बाई. टॅनरची मुलगी, चार भावांची बहीण, एलिझाबेथ. घरात आणि गावात सिसी. जन्म १९१२ चा. तिला खेळ कळत होता, पाय होता, हौस तर होतीच. ती खेळाडू का झाली नाही, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या फुटबॉल खेळू लागल्या. अ‍ॅशिंग्टनच्या दक्षिणेला, काही मैलांवर ब्लिथ नावाचं बंदर आहे. तिथल्या बायकांचा संघ, ब्लिथ स्पार्टन्स लेडीज, मे १९१८ मध्ये मिडल्सब्रोच्या मैदानावर बोल्को व्हॉन कारखान्याच्या संघाला ५-० नं हरवून या कारखाना-स्पर्धेचा चषक घेऊन आला. त्यांची बेला रे ही खाणकामगाराची मुलगी त्या सामन्यात तीन गोल करून गेली. युद्ध संपलं तरी बायकांचा खेळ थांबला नाही. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना पाहायला पन्नास हजारांवर लोक आले. फुटबॉल असोसिएशनला एवढी गर्दी मानवली नाही. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांनी ठराव केला की हा खेळ बायकांना शोभणारा नाही, आणि आपल्या सदस्य क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. सिसी तेव्हा नऊ वर्षांची होती. बंदी उठेपर्यंत जवळपास अर्धं शतक गेलं. तोवर तिची दोन पोरं विश्वविजेती होऊन निवृत्तीला आली होती.

सिसीनं मग जे करता येत होतं ते केलं. रस्त्यावर पोरांबरोबर चेंडू मारला. तिचा एक फोटो प्रसिद्ध आहे: अंगात कोट, आजूबाजूला गल्लीतली पोरं, आणि ही बाई चेंडूला लाथ घालते आहे. १९६६ नंतर वर्तमानपत्रांना ही आई फारच आवडली. विश्वविजेत्यांना आईनंच खेळ शिकवला, असं छापून यायला लागलं. बॉबीनं पुढे या गोष्टीतली हवा थोडी काढली. आईला खेळाची ओढ होती हे खरं, पण आपल्याला घडवण्यात आजोबा टॅनरचा वाटा मोठा, असं त्याचं म्हणणं. दोन्ही खरं असावं. पण घरातला मुलगा पुढे जायला हवा, ही ईर्षा कुणाची होती याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

सिसीच्या चार मुलांत हुन्नर सगळ्यांनाच वाटून आला नव्हता. गॉर्डन आणि टॉमी हे दोघे त्या वाटेला गेलेच नाहीत. दुसरा मुलगा बॉबी हा असा पोरगा की मोठमोठ्या क्लबांची माणसं बीट्रिस स्ट्रीटवरच्या घराशी खेटे घालायची. तो १९५३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला. थोरला जॅक, जन्म ८ मे १९३५, उंच, लंबूटांग, मान पुढे काढून चालणारा. पुढे लोक त्याला जिराफ म्हणू लागले. त्याच्यासाठी कुणी रांग लावली नाही. त्याला आवड होती मासे धरण्याची, शेतातून भटकण्याची. बॉबी त्याच्या मागे लागायचा तेव्हा थोरल्याला धाकट्याचं ओझं वाटायचं.

जॅक पंधरा वर्षांचा झाला तेव्हा लीड्सकडून चाचणीचं बोलावणं आलं. अर्थात मामांमुळे, जिम मामा तिथे खेळतच होता. जॅकनं नाही म्हटलं. आपण त्या तोडीचे नाही असं त्याला वाटलं आणि तो वडिलांसारखा खाणीत शिरला. तिथे शिकाऊ म्हणून थोडे दिवस काढले. जमिनीखाली आयुष्यभर करायचं काम नेमकं कसलं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्यानं सरळ नोटीस दिली. मग पोलिसात भरती व्हायचा अर्ज केला. तेवढ्यात लीड्सनं पुन्हा बोलावलं, आणि नेमका पोलिसांच्या मुलाखतीचा दिवस आणि चाचणीच्या सामन्याचा दिवस एकच निघाला. त्यानं सामना निवडला. घराण्याच्या गोष्टीत अशा वेळी रक्तातली हाक वगैरे येते. इथे तसं काही दिसत नाही. एका पोराला खाण नको होती, एवढंच दिसतं.

लीड्सला गेल्यावरही पहिलं काम खेळण्याचं नव्हतंच. मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे, मैदानातलं तण उपटायचं. व्यावसायिक खेळाडू झाला तरी पगार काय? तेव्हा इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९५१ मध्ये ती आठवड्याला चौदा पौंड होती, आणि ही मर्यादाच १९६१ मध्ये उठली. तोवर फुटबॉल ही श्रीमंतीची वाट नव्हती. पगार कामगाराचाच, फक्त काम उजेडात. जॅकी मिलबर्नसारखा नावाजलेला खेळाडूसुद्धा याच पगारात खेळला.

जॅकचा पहिला सामना एप्रिल १९५३ मध्ये डॉनकास्टरविरुद्ध झाला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मग दोन वर्षं लष्करी सेवा. परत आल्यावर जागा मिळाली, पण माणूस हट्टी, वाद घालणारा, सरावात टिवल्याबावल्या करणारा. डॉन रेव्ही तेव्हा लीड्सकडून खेळत होता. मी मॅनेजर असतो तर तुला संघात घेतलं नसतं, असं त्यानं जॅकला तोंडावर सुनावलं होतं. मार्च १९६१ मध्ये तोच रेव्ही मॅनेजर झाला.

याच्या तीन वर्षं आधीची एक गोष्ट मधेच सांगायला हवी. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमानतळावर मँचेस्टर युनायटेडचं विमान कोसळलं. तेवीस जण दगावले, त्यांत आठ खेळाडू. बॉबी त्या विमानात होता. जॅकला लीड्सच्या मैदानावर बातमी कळली. नुकतंच लग्न झालेलं, नवराबायको गाडीत बसून उत्तरेला घराकडे निघाले. बॉबी जगला की गेला, काहीच माहीत नव्हतं. न्यूकॅसलला उतरल्यावर वर्तमानपत्रात वाचलेल्यांच्या यादीत भावाचं नाव दिसलं. पुढे बॉबी बरा व्हायला अ‍ॅशिंग्टनला आला, आईकडे. तिथे गल्लीतल्या पोरांबरोबर चेंडू मारतानाचे त्याचे फोटो आहेत. चेहरा वीस वर्षांच्या मुलाचा वाटत नाही.

रेव्हीनं जॅकला बाहेर काढलं नाही, उलट बचावाचा कणा केलं. जॅक एव्हाना असोसिएशनचे प्रशिक्षकाचे वर्ग करून आला होता आणि खेळाचा विचार करायला लागला होता. त्याची एक क्लृप्ती इंग्लंडभर गाजली. कॉर्नर घेतला जात असताना हा लंबूटांग थेट समोरच्या गोलकीपरच्या पुढ्यात, गोलरेषेवर जाऊन उभा राहायचा. ढकलायचं नाही, काही नाही, नुसतं उभं राहायचं. गोलकीपरला चेंडू दिसायचा नाही, उडी मारायला जागा उरायची नाही. आज लहान पोरंही हे करतात, तेव्हा पंचांनाही यावर काय करावं कळेना. बॉबीचा पाय पाहून लोक हरखायचे, पण मला विचाराल तर खेळाची बुद्धी थोरल्याकडे अधिक होती. ज्याला उपजत काही येत नाही त्याला विचार करावाच लागतो.

लीड्स १९६४ मध्ये दुसऱ्या विभागात पहिलं आलं आणि वर चढलं. १९६५ च्या एफए कप उपांत्य लढतीत लीड्स विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, म्हणजे भाऊ विरुद्ध भाऊ, असा सामना झाला. फेरलढतीत लीड्स जिंकलं. त्यानंतर रेव्हीनं जॅकला सांगितलं, इंग्लंडच्या संघात तुझी निवड झाली. जॅक तडक युनायटेडच्या खोलीत गेला आणि हरून बसलेल्या भावाला म्हणाला की आपली निवड झाली. बॉबीनं अभिनंदन केलं. खोलीतल्या बाकीच्यांनी मात्र त्याला दार दाखवलं. वयाची तीस वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला होता. पुढे त्यानं प्रशिक्षक आल्फ रॅम्सेला विचारलं, मला का घेतलंत? उत्तर असं मिळालं की मी नेहमी सगळ्यांत चांगले खेळाडू घेत नाही, मला जो मेळ हवा आहे त्यात बसणारे घेतो. जॅक हा किस्सा आयुष्यभर हसत हसत सांगायचा. मिलबर्न मामांनाही हा निकष चालला असता.

३० जुलै १९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध २-१ नं पुढे होतं. एकोणनव्वदावं मिनिट. पंचांनी जॅकविरुद्ध फ्री किक दिली आणि तिच्यातून जर्मनीनं बरोबरी साधली. जॅक ती चूक आपली नव्हती असंच पुढे म्हणत आला. जादा वेळेत इंग्लंडनं ४-२ असा सामना घेतला, आणि शिट्टी वाजली तेव्हा जॅक तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसला. त्या रात्रीचीही एक गोष्ट आहे. मेजवानीनंतर तो एका मित्राबरोबर हिंडत राहिला आणि सकाळी जाग आली ती लंडनमधल्या एका अनोळखी घरच्या सोफ्यावर. बागेत बसला, तर शेजारच्या कुंपणावरून एक बाई त्याला नावानं हाक मारते. ती अ‍ॅशिंग्टनची निघाली.

आकड्यांत सांगायचं तर लीड्ससाठी तो ७७३ सामने खेळला. क्लबचा हा विक्रम अजून आहे. १९६८ आणि १९७१ चा फेअर्स कप, १९६८ चा लीग कप, १९६९ ची लीग, १९७२ चा एफए कप. शिवाय दुसरा क्रमांक इतक्या वेळा की ती वेगळी कादंबरी होईल. १९७० मध्ये दूरदर्शनच्या एका कार्यक्रमात तो बोलून गेला की ज्यांनी आपल्याला मैदानात दुखावलं त्यांची नावं लिहिलेली एक काळी वही आपल्याकडे होती, संधी मिळाली की हिशेब चुकता. गदारोळ झाला, असोसिएशनसमोर उभं राहावं लागलं, अखेर सुटला. खाणगावातला माणूस उधारी लक्षात ठेवतो, यात इतरांना एवढं नवल का वाटावं, असा त्याचा चेहरा होता.

१९७३ मध्ये दोघेही भाऊ निवृत्त झाले आणि दोघेही मॅनेजर. योगायोगानं दोघांचे संघ दुसऱ्याच विभागात. जॅकचं मिडल्सब्रो पहिल्याच वर्षी पंधरा गुणांच्या फरकानं पहिलं आलं. जिंकलं की दोनच गुण मिळायच्या काळातला हा फरक आहे. बॉबीचं प्रेस्टन खालच्या विभागात घसरलं. तिथून पुढची वीस वर्षं हाताखालची माणसं जुळवण्याचं काम थोरल्याला जमलं, धाकट्याला नाही. १९७७ मध्ये इंग्लंडचं प्रशिक्षकपद रिकामं झालं तेव्हा जॅकनं अर्ज केला. त्याला साधं उत्तरही आलं नाही. तो हे कधी विसरला नाही. ती काळी वही नसेल तरी काय झालं!

१९८४ मध्ये जॅकी मामानं गळ घातली म्हणून तो न्यूकॅसलला मॅनेजर झाला. त्याच वर्षी खाणकामगारांचा मोठा संप सुरू होता. जॅकनं आपल्या गाड्या संपकऱ्यांना वापरायला दिल्या. पगार फुटबॉलच्या क्लबातून येत होता, पण बाजू कोणती याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता. न्यूकॅसलला मात्र वर्षभरातच बिनसलं. आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली आणि त्यानं राजीनामा दिला. संपही हरला होता. अ‍ॅशिंग्टनची खाण १९८८ मध्ये बंद झाली. जॅकी मिलबर्नही त्याच वर्षी गेला.

आणि याच सुमाराला जॅक चार्लटनच्या कारकिर्दीचा सगळ्यांत रंगतदार भाग सुरू झाला होता, तोही परदेशात. फेब्रुवारी १९८६ मध्ये आयर्लंडनं त्याला राष्ट्रीय संघाचा मॅनेजर केलं. पहिला इंग्रज. आयर्लंड तोवर कुठल्याच मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचलं नव्हतं. लोकसंख्या लहान, आणि खेळाडू कुठून आणायचे हा प्रश्न. नियम असा होता की आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी आयरिश असेल तर खेळाडूला आयर्लंडकडून खेळता येतं. शंभर-दीडशे वर्षं आयरिश माणूस पोटासाठी इंग्लंड-स्कॉटलंडच्या कारखान्यांत, बंदरांवर, खाणींत जातच होता. त्यांची मुलं-नातवंडं तिथल्या क्लबांत खेळत होती. जॅकनं ती शोधून काढली. जॉन ऑल्ड्रिज लिव्हरपूलचा, रे हाऊटन ग्लासगोचा, अँडी टाउनसेंड केंटमधला. आयरिश असोसिएशनच्या एफएआय या आद्याक्षरांचा विनोदी विस्तार लोकांनी केला: ‘फाइंड अनदर आयरिशमन’, आणखी एक आयरिशमन हुडका.

ज्याला स्वतःला फुटबॉल आजोळहून मिळाला, त्यानं आजीच्या नात्यावर संघ उभा केला, हे मला फार गमतीचं वाटतं. त्यातला कळस म्हणजे टोनी कॅस्करिनो. आईच्या वडिलांच्या नात्यानं तो आयर्लंडकडून खेळू लागला. बऱ्याच वर्षांनी आईनं सांगितलं की ती दत्तक घेतलेली होती, म्हणजे रक्तानं तो आयरिश नव्हताच. आत्मचरित्रात त्यानंच हे लिहून टाकलं. असोसिएशननं तो पात्रच होता असा निर्वाळा दिला. आजोळ म्हणजे रक्त की माया, हा प्रश्न फुटबॉलच्या नियमावलीत असा शिरला.

१२ जून १९८८ ला श्टुटगार्टमध्ये युरोपियन स्पर्धेत आयर्लंडचा पहिला सामना इंग्लंडशी झाला. सहाव्या मिनिटाला हाऊटननं हेडर मारला आणि आयर्लंड १-० नं जिंकलं. अर्जाला उत्तर न देणाऱ्यांना असं उत्तर मिळालं. १९९० च्या विश्वचषकात हा संघ इटलीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, आणि तिथवर पोचेपर्यंत त्यानं वेळेत एकही सामना जिंकला नव्हता, स्पर्धेत गोल केले ते एकूण दोन. रुमानियाला पेनल्टींवर हरवलं, रोममध्ये इटलीकडून हरले. १९९४ मध्ये न्यू यॉर्कजवळच्या जायंट्स स्टेडियममध्ये त्याच इटलीला १-० नं हरवलं. गोल पुन्हा हाऊटनचा. खेळ सुंदर नव्हता. लांब चेंडू मारायचा, समोरच्याच्या बचावामागे टाकायचा, आणि सगळ्यांनी धावून त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. जाणकार नाकं मुरडत. आयर्लंडमध्ये मात्र सांगतात की जॅकनं दुकानात, हॉटेलात दिलेला चेक कुणी वटवायचं नाही. त्याच्या सहीसाठी तो चौकटीत घालून भिंतीवर लावायचे. १९९६ मध्ये त्याला आयर्लंडचं मानद नागरिकत्व मिळालं. कॉर्कच्या विमानतळावर त्याचा पुतळा आहे. फुटबॉलपटूचा नव्हे, मासे धरणाऱ्या माणसाचा.

घरात मात्र ते गोकुळ राहिलं नाही. सिसी आणि बॉबीची पत्नी यांचं कधी जमलं नाही. बॉबीचं आईकडे येणं कमी होत गेलं आणि जॅकला ते सहन होईना. १९९६ मध्ये सिसी गेली. त्याच वर्षी जॅकनं आत्मचरित्रात भावाबद्दलची तक्रार मांडली. पुढे बॉबीनं आपली बाजू लिहिली. दोघे जवळजवळ बोलेनासे झाले. २००८ मध्ये बीबीसीनं बॉबीला जीवनगौरव दिला, तेव्हा तो पुरस्कार हातात द्यायला रंगमंचावर जॅक आला. आपला भाऊ हा आपण पाहिलेला सगळ्यांत मोठा खेळाडू, असं तो म्हणाला. सगळं मिटलं असं नाही, पण त्या संध्याकाळी दोघांचेही डोळे भरले.

जॅकचं शेवटचं दुखणं दुहेरी होतं, कर्करोग आणि स्मृतिभ्रंश. १९६६ च्या त्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि दोघे चार्लटन, अशा पाच जणांना स्मृतिभ्रंशानं गाठलं. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. मेंदूच्या अशा आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीनपट निघालं. त्याचं नेमकं कारण काय यावर वाद आहे, पण संशयाचं बोट चेंडू डोक्यानं मारण्याकडे जातं. चामड्याचा, पावसात भिजून जड होणारा तो चेंडू डोक्यानं परतवणं हेच तर उंच जॅकचं काम होतं, वीस वर्षं, सरावासकट. खाणकामगाराच्या छातीत कोळशाची धूळ बसायची. खाण सोडून पळालेल्या पोराचा धंदाही अगदी फुकटात सुटला नाही.

१० जुलै २०२० ला नॉर्थंबरलंडमधल्या घरी जॅक वारला. वय पंच्याऐंशी. कोविडचा काळ, अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी. म्हणून २१ जुलैला गाडी आधी अ‍ॅशिंग्टनच्या रस्त्यांवरून नेली. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, कुणाच्या गळ्यात लीड्सचा मफलर, कुणाच्या अंगात आयर्लंडचा हिरवा शर्ट. गाडी पुढे सरकली तशा टाळ्या वाजत गेल्या. बॉबीची प्रकृती तोवर ढासळली होती. तो येऊ शकला नाही.